जुनी गाणी मागे का ओढतात: सांगलीच्या कानांची पार्श्वभूमी

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झ. या भागातल्या साठी-सत्तरीच्या माणसाला जुनं गाणं लागलं की चुलीचा धूर, शाळेचं दप्तर, ओसरीवरचा कंदील असं काहीबाही आठवतं. त्याचं मूळ बरंचसं या रेडिओत आहे. गाणं तेव्हा मनात आलं म्हणून लागत नसे. ते ठरल्या वेळी यायचं आणि त्या वेळी घरात जे चाललेलं असे त्याच्यासकट डोक्यात बसायचं.

गाण्याची सवय मात्र सांगलीला आधीपासूनची. विष्णुदास भाव्यांचं नाटक १८४३ मध्ये इथंच झालं, गोविंद बल्लाळ देवल जवळच्या हरिपूरचे. रात्रभर चालणारं नाट्यसंगीत पुढे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर आलं तेव्हा एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळत. पद कापून बसवावं लागे. पुढच्या पिढीच्या आठवणीत राहिली ती हीच कापलेली आवृत्ती. घरी फोनो नसला तरी लग्नात, जत्रेत झाडावर कर्णा बांधलेला असायचाच.

१९५२ मध्ये आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांवर मर्यादा आल्या आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला. सिलोन लघुलहरींवर लागायचं, आणि लघुलहर वातावरणातल्या वरच्या थरावर आपटून येते. तो थर हलता असल्यामुळे आवाज मध्येच बुडायचा, पुन्हा वर यायचा. ज्यांनी ती गाणी तशी ऐकली, त्यांना आजची स्वच्छ प्रत सपक वाटते, आणि त्यात नवल नाही. १९५७ मध्ये विविध भारती आली आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवर परतली.

तरुणपणाचीच गाणी का, यावर संशोधन झालेलं आहे. माणसाला दहा ते तीस या वयातले प्रसंग इतर वयांपेक्षा जास्त आठवतात. होलब्रुक आणि शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाण्यांची सर्वाधिक आवड साधारण चोविसाव्या वर्षी ऐकलेल्या गाण्यांसाठी दिसली. म्हणजे ‘आमच्या वेळची गाणीच चांगली’ हे प्रत्येक पिढी म्हणणार. आम्हाला त्यात गाण्यांच्या दर्जापेक्षा वयाचा हात मोठा वाटतो.

मग कॅसेट आली आणि गाणं पहिल्यांदा आपल्या हातात आलं. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून भरलेल्या कॅसेटी अजून कित्येक घरांच्या माळ्यावर आहेत. त्या वाजवताना घाई नडते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते. नव्वदची फीत त्याहून पातळ, म्हणून ती आधी गुंतते. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. पाटण, महाबळेश्वरच्या पावसात ती हमखास धरते, आणि अशी कॅसेट लावली की हेड, म्हणजे मशीनमधला फीत वाचणारा भाग, खराब होऊन पुढच्या कॅसेटीही बिघडतात. कॅसेट चांगली दिसली तरी थेट प्ले करू नये. आधी पेन्सिल घालून चार फेरे हाताने फिरवावेत, मग एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणावी; चिकटलेले वेढे सुटतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्याने पुसावं. आवाज घोगरा येत असेल तर फितीमागची नमद्याची गादी निसटली आहे का ते पाहावं. ती ठीक असेल तर हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवत ‘स’ स्पष्ट झाला की थांबावं. पट्टी उतरलेली वाटली तर दोष बहुधा मशीनच्या सैल झालेल्या बेल्टचा.

संगणकावर घेताना ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ पुरे. अर्ध्या तासाची एक बाजू साधारण ३०० एमबी होते. खरखर काढायची असेल तर ती दुसऱ्या प्रतीवर, पहिली तशीच ठेवून. आणि गाण्याआधीचं निवेदकाचं वाक्य, मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी, ‘बंद कर रे तो’ असं कुणीतरी ओरडलेलं, हे कापू नये. गाणं आता कुठेही मिळतं.