शिलारसाचे तापमान नेमके, खोली मात्र अंदाजाने

वाहत्या लाव्ह्यात थर्मोकपल खुपसून त्याचे तापमान घेता येते. जमिनीखाली साठलेल्या शिलारसाच्या बाबतीत ही सोय नाही. आइसलंडमधील क्राफ्ला येथे २००९ साली भूऔष्णिक ऊर्जेसाठी खोदलेली विहीर २.१ किलोमीटर खोलीवर अनपेक्षितपणे शिलारसात घुसली, पण असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सर्व ठिकाणी पाच, दहा, वीस किलोमीटर खाली काय तापमान होते आणि किती दाब होता, हे उद्रेकात वर आलेल्या खडकातील स्फटिकांवरूनच काढावे लागते.

यामागचे तत्त्व जुने आहे. नॉर्मन बोवेन यांनी १९१३ साली प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एखाद्या तापमानाला द्रव आणि स्फटिक समतोलात असतील तर दोघांतील कॅल्शियम आणि सोडियमचे प्रमाण ठरलेले असते, आणि तापमान उतरले की दोन्ही प्रमाणे बदलतात, हे त्यातून स्पष्ट झाले. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, हॉर्नब्लेंड या खनिजांबाबतही तेच. स्फटिकाची जाळी काही मूलद्रव्ये आत घेते, काही द्रवातच ठेवते, आणि ही वाटणी तापमान व दाब यांवर अवलंबून असते. ज्या वाटणीत उष्णतेची मोठी देवघेव होते ती तापमापक म्हणून उपयोगी पडते. जिच्यात आकारमान बरेच घटते किंवा वाढते ती दाबमापक होऊ शकते. अडचण अशी की सिलिकेट द्रव आणि स्फटिक यांच्यातील बहुतेक अभिक्रियांत आकारमान फारसे बदलत नाही. त्यामुळे खनिजांत तापमानाचा ठसा ठळक उमटतो आणि दाबाचा फिकट. या क्षेत्रातले बहुतेक वाद याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

सर्वांत सोप्या तापमापकाला तर स्फटिकाचे विश्लेषणही लागत नाही. हवाईमधील किलाउएआ इकी या विवरात १९५९ च्या उद्रेकानंतर लाव्ह्याचे तळे साचले आणि पुढची अनेक वर्षे ते हळूहळू गोठत राहिले. त्यातून छिद्रे पाडून काढलेले नमुने प्रयोगशाळेत ठरावीक तापमानाला तापवून रोझलिंड हेल्झ आणि कार्ल थॉर्नबर यांनी १९८७ साली एक सूत्र दिले: सेल्सिअस तापमान = २०.१ × (काचेतील मॅग्नेशियम ऑक्साइडचे वजनी टक्के) + १०१४. काच म्हणजे झटकन थिजलेला द्रव. तिच्यात ७.० टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड असेल तर उत्तर येते सुमारे ११५५ अंश, आणि त्रुटी साधारण १० अंश. इतके चांगले उत्तर मिळते कारण त्या द्रवातून ऑलिव्हिन वाढत असते आणि तापमान उतरेल तसे ते द्रवातले मॅग्नेशियम खेचून घेते. पण हे सूत्र किलाउएआसारख्या, पाणी अगदी कमी असलेल्या बेसाल्टसाठी आहे. चार टक्के पाणी असलेल्या द्रवाला ते जसेच्या तसे लावले तर उत्तर बरेच जास्त येईल, कारण पाण्यामुळे स्फटिक बनण्याचे तापमान खाली सरकते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात नमुना निवडण्यापासून होते, आणि माझ्या मते निम्मे यश तिथेच ठरते. पाण्यात किंवा हवेत झटकन थंड झालेला नमुना हवा: ज्वालामुखी राखेतील कण, उशी लाव्ह्याची (पाण्याखाली उशीसारख्या गोळ्यांत गोठलेल्या लाव्ह्याची) काचेरी कड. जाड प्रवाहाच्या पोटातला खडक दिवसेंदिवस गरम राहतो आणि तेवढ्या वेळात स्फटिकांच्या कडांचे रसायन बदलते. निवडलेल्या तुकड्याचा सुमारे ३० मायक्रॉन जाडीचा छेद करतात, हिऱ्याच्या भुकटीने टप्प्याटप्प्याने एक मायक्रॉनपर्यंत पॉलिश देतात आणि वर कार्बनचा पातळ थर चढवतात. मग तो इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबमध्ये जातो. यात इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत नमुन्यावर पडतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापले क्ष-किरण सोडते. ते मोजून एक-दोन मायक्रॉन रुंद ठिपक्याचे रसायन कळते.

झोत सोडण्याआधी मागे परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे चित्र घ्यावे. त्यात जड अणूंचे भाग उजळ दिसतात आणि स्फटिकातील वाढीचे पट्टे उघड होतात. ते न पाहता मधोमध ठिपका घेतला तर तो नेमका कोणत्या काळातला, हे कधीच कळणार नाही. खनिजांसाठी १५ किलोव्होल्ट आणि १० ते २० नॅनोअँपिअर ही नेहमीची मांडणी. पाणी असलेल्या काचेसाठी ती चालत नाही. केंद्रित झोताखाली काचेतील सोडियम सरकून निघून जाते आणि आकडा कमी येतो. म्हणून झोत १० मायक्रॉनपर्यंत पसरवतात, प्रवाह काही नॅनोअँपिअरवर आणतात आणि सोडियम सर्वांत आधी मोजतात. काचेचा ठिपका स्फटिकाला अगदी चिकटून घेऊ नये. थंड होताना स्फटिकाच्या कडेलगतचा द्रव नेहमीपेक्षा वेगळा होऊन बसतो.

विश्लेषण आले की आधी त्याचीच परीक्षा. खनिजातील सर्व ऑक्साइडांची बेरीज १०० टक्क्यांच्या जवळ हवी. पायरॉक्सिनचे सूत्र सहा ऑक्सिजनवर मांडले की धनायनांची (धन विद्युतभाराच्या अणूंची) बेरीज ४ च्या अगदी जवळ यायला हवी. ३.९५ आली तर ठिपका बहुधा भेगेवर किंवा काचेच्या कणावर पडला आहे. असे ठिपके सरळ काढून टाकावेत.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हा स्फटिक आणि हा द्रव खरेच एकमेकांच्या समतोलात होते का? सूत्राला याची काही पडलेली नसते. कोणतीही दोन विश्लेषणे घातली तरी ते एक तापमान काढून देते. ऑलिव्हिनसाठी कसोटी १९७० मध्ये रोडर आणि एम्सली यांनी दिली. स्फटिकातील लोह-मॅग्नेशियम गुणोत्तराला द्रवातील त्याच गुणोत्तराने भागले की सुमारे ०.३० यायला हवे, फरक ०.०३ चा. हा आकडा तापमानाने जवळजवळ बदलत नाही, आणि म्हणूनच तो कसोटीला योग्य.

एक उदाहरण करून पाहू. काचेत मॅग्नेशियम ऑक्साइड ७.० टक्के आणि एकूण लोह ऑक्साइड ११.० टक्के आहे. ऑलिव्हिन फक्त फेरस (कमी ऑक्सिडीभूत) लोह घेते, म्हणून फेरिक (जास्त ऑक्सिडीभूत) लोह वजा करावे लागते. ते १५ टक्के धरले तर फेरस रूपातले ऑक्साइड ९.३५ टक्के उरते. रेणुभारांनी भागून द्रवातील लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर ०.७५ येते. त्याला ०.३० ने गुणले की ऑलिव्हिनमध्ये ०.२२५, म्हणजे फॉर्स्टेराइट (ऑलिव्हिनमधील मॅग्नेशियमचा घटक) सुमारे ८१.६ टक्के. ०.३० या आकड्यातील त्रुटी धरून ८० ते ८३ टक्क्यांमधले ऑलिव्हिन या काचेशी जुळते. छेदात ८८ टक्क्यांचा गाभा दिसला तर तो याहून अधिक गरम आणि मॅग्नेशियमने समृद्ध द्रवात वाढला, आणि नंतर या द्रवात येऊन पडला. त्याची जोडी या काचेशी लावणे चूक. आणि सगळे लोह फेरस आहे असे धरले असते तर अपेक्षित उत्तर ७९ टक्क्यांवर घसरले असते. म्हणजे फेरिक लोहाकडे दुर्लक्ष केले की चांगली जोडी बाद होते आणि वाईट जोडी पास.

काच उपलब्ध नसेल तर अनेकदा संपूर्ण खडकाचे रसायन द्रव म्हणून वापरतात. ज्या खडकात मोठे स्फटिक साठून राहिले आहेत त्याचे एकूण रसायन कधीच कोणत्याही द्रवाचे नव्हते. त्यामुळे हा मार्ग धरताना समतोलाची कसोटी दुप्पट काटेकोरपणे लावावी.

आता दाबाकडे. बेसाल्टसाठी सर्वाधिक वापरला जातो तो क्लायनोपायरॉक्सिन (पायरॉक्सिनचाच एक प्रकार) आणि द्रव यांच्या जोडीचा दाबमापक. कीथ पुटिर्का यांनी १९९० च्या दशकापासून त्याची अनेक सूत्रे बांधली. दाब वाढला की सोडियम आणि अॅल्युमिनियम मिळून जेडाइट हा घटक पायरॉक्सिनच्या जाळीत शिरतो, कारण तो दाटीवाटीने कमी जागेत बसतो. दाब काढायला तापमान लागते आणि तापमान काढायला दाब, म्हणून दोन्ही समीकरणे आलटून पालटून, उत्तर स्थिरावेपर्यंत सोडवतात. हे काम आज थर्मोबारसारखी मुक्त पायथन प्रणाली क्षणात करते. आइसलंडच्या बेसाल्टसाठी २०१७ मध्ये आलेल्या नीव्ह आणि पुटिर्का यांच्या सूत्राची त्रुटी १.४ किलोबार आहे. हा आकडा लहान वाटतो. पण २७०० किलो प्रति घनमीटर घनतेच्या कवचात एक किलोबार म्हणजे जवळपास ३.८ किलोमीटर खोली. म्हणजे त्रुटी झाली वर पाच आणि खाली पाच किलोमीटर. शिलारसाचा साठा आठ किलोमीटरवर आहे असे एका स्फटिकावरून सांगितले, तर तो तीन किलोमीटरवरही असू शकतो आणि तेरावरही.

यातला बराच गोंधळ सोडियममुळे होतो. बेसाल्टमधील पायरॉक्सिनमध्ये सोडियम ऑक्साइड जेमतेम ०.३ ते ०.५ टक्के असते. दहा सेकंद मोजले तर क्ष-किरणांची गणती इतकी कमी येते की १० टक्के चूक सहज होते. वरच्या सूत्रात तेवढ्याने दाब सुमारे अर्ध्या किलोबारने, म्हणजे दोन किलोमीटरने सरकतो. एकाच एकजिनसी स्फटिकावर वीस ठिपके घेतले तरी दाबांचा लांबलचक पट्टा मिळतो आणि तो आलेखावर पाहून शिलारस वेगवेगळ्या खोलीवर साठला होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पट्टा यंत्राचा असतो, ज्वालामुखीचा नव्हे. उपाय साधा आहे. काचेतल्यासारखे पायरॉक्सिनमधील सोडियम पळत नाही, म्हणून तिथे प्रवाह वाढवावा आणि मोजणीचा वेळ मिनिटभरापर्यंत न्यावा. खर्च वाढतो, पण तो करण्याजोगा आहे.

दुसरा सापळा वाळूच्या घड्याळासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांचा. वेगाने वाढणाऱ्या ऑजाइट या क्लायनोपायरॉक्सिनमध्ये एकाच वेळी, एकाच दाबाखाली वाढलेल्या दोन बाजूंचे रसायन वेगळे असते. एका बाजूत अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम जास्त, दुसरीत कमी. दोन्हींवर ठिपके घेतले तर एका स्फटिकाचे दोन दाब येतात. इथे चित्र आधी घेण्याची सवय उपयोगी पडते.

ग्रॅनाइटसारख्या खडकांत हॉर्नब्लेंडमधील एकूण अॅल्युमिनियमवरून दाब काढण्याची पद्धत १९८६ मध्ये हॅमरस्ट्रॉम आणि झेन यांनी सुचवली. तिची सूत्रे सरळ रेषेची आहेत, म्हणून ती फार वापरली जातात आणि तितकीच चुकीच्या जागीही. हॉर्नब्लेंडच्या रासायनिक सूत्रात अॅल्युमिनियमचे १.५ अणू असतील तर जॉन्सन आणि रदरफर्ड यांचे १९८९ चे समीकरण २.९ किलोबार देते आणि श्मिट यांचे १९९२ चे ४.१. फरक साडेचार किलोमीटरचा. पहिले प्रयोग ७४० ते ७८० अंशांना झाले, दुसरे ६५५ ते ७०० अंशांना, आणि हॉर्नब्लेंडमधील अॅल्युमिनियम तापमानानेही वाढते. शिवाय ही पद्धत क्वार्ट्झ, दोन्ही फेल्डस्पार, बायोटाइट, टायटॅनाइट आणि लोह-टायटॅनियम ऑक्साइड सोबत असतील तेव्हाच लागू होते. क्वार्ट्झ नसलेल्या गरम अँडेसाइटमधील हॉर्नब्लेंडला ती लावली की तापमानाचा परिणाम दाब म्हणून वाचला जातो आणि उथळ साठा खोल भासतो.

मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या लोह-टायटॅनियम ऑक्साइडांची जोडी तापमानासोबत ऑक्सिजनची परिस्थितीही सांगते. मात्र मॅग्नेटाइट काही दिवस-आठवड्यांत नव्या तापमानाशी जुळवून घेते, म्हणून उत्तर उद्रेकाच्या अगदी आधीचे असते. याउलट झिरकॉन आपले टायटॅनियम अतिशय घट्ट धरून ठेवतो. दहा पीपीएम (दशलक्षात दहा भाग) टायटॅनियम म्हणजे सुमारे ७४५ अंश, पण हे रुटाइल (टायटॅनियम ऑक्साइडचे खनिज) सोबत असेल तर. रुटाइल नसेल आणि टायटॅनियमची क्रियाशीलता (ते द्रवात किती उपलब्ध आहे याचे माप, रुटाइल असताना १) ०.६ धरावी लागली, तर तोच झिरकॉन ७९५ अंश सांगतो.

दाबासाठी स्वतंत्र पडताळा हवा असेल तर स्फटिकात अडकलेले द्रवाचे थेंब शोधावेत. बेसाल्टमध्ये एक किलोबारला साधारण ५०० पीपीएम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, म्हणजे थेंबातील वायू मोजून दाब काढता येतो. थंड होताना थेंब आकसतो, आत बुडबुडा तयार होतो आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड त्यात जातो. फक्त काच मोजली तर साठा प्रत्यक्षाहून बराच उथळ ठरतो. बुडबुड्यातील वायूची घनता रामन वर्णपटाने मोजून ती काचेतल्या प्रमाणात मिळवावी लागते.

शंभर स्फटिकांची सरासरी घेतली की मोजणीतील विखुरलेली त्रुटी दहा पटीने कमी होते. सूत्र ज्या प्रयोगांवर बांधले त्यांतील एकांगी कल मात्र सरासरीने हलत नाही. तो ओळखायचा तर आपल्या खडकाशी रसायनाने जुळणारे, ज्ञात दाबाला केलेले प्रयोग घेऊन त्यांतील खनिजांवर तेच सूत्र चालवून पाहावे. तिथे दोन किलोबारच्या जागी चार येत असतील, तर आपल्या आकड्यांतही तो कल आहे असे धरून दुसरे सूत्र शोधावे.