दात काढल्यानंतर खोबणीत काय घडते?

दात काढून झाला की दंतवैद्य जखमेवर गॉजची घडी ठेवून ती दातांखाली घट्ट दाबायला सांगतात आणि हातात सूचनांचा एक कागद देतात. थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, गरम घेऊ नका, धूम्रपान करू नका, अशी ती नकारांची यादी असते. त्यामागची कारणे सांगायला दंतवैद्यांना अनेकदा सवड नसते आणि बधिर जिभेने ती विचारण्याच्या मनःस्थितीत रुग्णही नसतो. कारण ठाऊक नसले की पथ्य ढिले पडते. वास्तविक या यादीतील बहुतेक सूचना एकाच गोष्टीच्या रक्षणासाठी असतात, ती म्हणजे दाताच्या रिकाम्या खोबणीत साकळलेली रक्ताची गुठळी.

दात जबड्याच्या हाडात थेट रोवलेला नसतो. खोबणीच्या भिंती आणि मूळ यांच्यामध्ये असलेल्या असंख्य बारीक तंतूंनी तो धरून ठेवलेला असतो. दात काढताना हे तंतू आणि त्यांच्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुटतात व खोबण रक्ताने भरते. प्लेटलेट, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या सूक्ष्म रक्तकणिका, तिथे गोळा होतात, फायब्रिन या प्रथिनाचे जाळे विणले जाते आणि काही मिनिटांत रक्त साकळू लागते. गॉज साधारण अर्धा ते पाऊण तास सलग दाबून धरायचा असतो तो यासाठी. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी दर पाच मिनिटांनी तो उचलणे म्हणजे नुकतेच विणलेले जाळे स्वतःच्या हाताने फाडणे होय. पहिल्या दिवशी लाळेला गुलाबी रंग येणे स्वाभाविक आहे. थोडेसे रक्त पुष्कळ लाळेत मिसळले की ते आहे त्याहून कितीतरी जास्त भासते. मात्र तोंड पुन्हापुन्हा ताज्या लाल रक्ताने भरत असेल, तर स्वच्छ गॉज ओला करून आणखी अर्धा तास दाबावा, आणि तरीही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

ही गुठळी केवळ खोबणीवरचे झाकण नसते, तर नव्या ऊतीसाठी बांधलेली परांची असते. पहिल्या आठवड्यात तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात व तिची जागा मऊ, लालसर, दाणेदार ऊती घेऊ लागते. वरून हिरडीची त्वचा कडेकडेने आत सरकते आणि खोबणीचे तोंड मिटायला काही आठवडे लागतात. या काळात आरशात पाहिले तर खोबणीवर पांढरट-पिवळसर साय धरल्यासारखी दिसते. अनेकांना तो पू वाटतो आणि काडीने किंवा ब्रशने ते खरवडून काढण्याचा मोह होतो. बहुधा ते फायब्रिनच असते आणि जखम भरून येण्याचा तो एक टप्पा असतो, त्यामुळे त्याला हात लावू नये.

जोराने थुंकताना किंवा स्ट्रॉने ओढून पिताना तोंडातील दाब एकदम बदलतो आणि कोवळी गुठळी जागची हलू शकते. म्हणून पहिले चोवीस तास तोंडात साचलेली लाळ गिळावी, किंवा मान वाकवून अलगद ओघळू द्यावी. गरम पेयांनी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होण्याची भीती असते. धूम्रपानात ओढण्याची क्रिया असते, उष्णता असते आणि निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने जखमेचा रक्तपुरवठाही घटतो, म्हणजे सगळ्याच बाजूंनी नुकसान. एरवी व्यसन सोडवणे कठीण असले, तरी निदान तीन-चार दिवस त्याला सुट्टी देण्याइतका धाक या जखमेने घालायला हरकत नाही.

गुठळी निघून गेली किंवा वेळेआधी विरघळली तर खोबणीतील हाड उघडे पडते. दंतवैद्यकात या अवस्थेला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात आणि १८९६ पासून हे नाव रूढ आहे. नेहमीच्या दात काढण्यात हा त्रास शंभरात दोन ते पाच जणांना होतो. खालची अडकलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यास हे प्रमाण बरेच वाढते. येथे केवळ गुठळी ‘निसटली’ असे घडत नाही. इजा झालेल्या हाडातून आणि आसपासच्या ऊतींतून निघणारी द्रव्ये रक्तातील प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय प्रथिनाचे प्लाझ्मिनमध्ये रूपांतर करतात आणि प्लाझ्मिन हे फायब्रिनचे जाळे तोडणारे विकर (एन्झाइम) आहे. दात जितका कष्टाने निघालेला, तितकी ही प्रक्रिया प्रबळ होण्याची शक्यता जास्त. म्हणूनच सगळे पथ्य पाळूनही एखाद्याला ड्राय सॉकेट होऊ शकते आणि त्याबद्दल रुग्णाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

ते ओळखण्याची खूण वेदनेच्या वेळापत्रकात आहे. नेहमीची जखम पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक ठणकते आणि पुढे दुखणे रोज थोडे कमी होत जाते. ड्राय सॉकेटमध्ये मात्र बरे वाटू लागलेले असताना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दुखणे उलटून वाढते, कानापर्यंत किंवा कानशिलापर्यंत कळा जातात, तोंडाला दुर्गंधी येते आणि नेहमीच्या गोळ्यांना ते दाद देत नाही. अशा वेळी घरी प्रतिजैविकांचे प्रयोग करण्यात हशील नाही, कारण मुळात हा जंतुसंसर्ग नव्हेच. दंतवैद्य खोबण धुऊन तिच्यात वेदनाशामक औषधाची पट्टी ठेवतात आणि बहुतेकांना लवकरच उतार पडतो.

सुजेचेही असेच वेळापत्रक असते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, त्यामुळे ‘काल बरे होते, आज गाल फुगला’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटे ठेवावा, तितकाच वेळ काढावा. तिसऱ्या दिवसानंतर वाढतच जाणारी सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना होणारा त्रास मात्र तातडीने दाखवला पाहिजे.

दुखण्यावर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटॅमॉल यांची जोडी चांगली लागू पडते. ज्यांना जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधांची ॲलर्जी आहे, त्यांनी आधी विचारावे. दुखण्यासाठी म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये, कारण ते प्लेटलेटचे काम त्यांच्या उरलेल्या आयुष्यापुरते, म्हणजे आठवडा-दहा दिवस, निकामी करते. परंतु हृदयविकारासाठी चालू असलेली ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारी अन्य औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करणे त्याहून कितीतरी धोक्याचे आहे. हिरडीतले रक्त दाबून थांबवता येते. हृदयातील किंवा मेंदूतील गुठळीबाबत तसे म्हणता येत नाही.

जखमेच्या भीतीने संपूर्ण तोंडाची स्वच्छता थांबवण्याची चूक मात्र फार जण करतात. हिरड्यांच्या विकारांचे संशोधक हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्या असलेल्या स्वयंसेवकांनी दात घासणे थांबवले, तेव्हा साधारण १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा घासू लागताच सूज ओसरली. तेव्हा जखमेची जागा सोडून बाकीचे दात मऊ ब्रशने त्याच दिवसापासून हळुवार घासावेत. चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर ते तोंडात घोळवावे, खळखळून चूळ भरू नये. मान एका बाजूला कलती केली की पाणी आपोआप जखमेवरून फिरते. दंतवैद्यांनी क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाचे माउथवॉश दिले असेल तर ड्राय सॉकेटची शक्यता कमी होते, पण ते सांगितल्यापेक्षा अधिक दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. टूथपेस्टमधील काही घटक त्याचा प्रभाव कमी करतात, म्हणून घासणे आणि हे माउथवॉश यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे.

या सगळ्यात लाळेचे श्रेय विसरले जाते. जंतूंनी भरलेल्या तोंडातील जखमा त्वचेवरील जखमांपेक्षा लवकर आणि कमी व्रण ठेवून भरतात, यात लाळेचा मोठा वाटा आहे. तिच्यातील हिस्टॅटिनसारखे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांसारखे छोटे रेणू, जंतूंना आवरतात आणि पेशींना जखमेकडे सरकायला मदत करतात. म्हणून भरपूर पाणी पीत राहणे, पेल्याने आणि घोटाघोटाने, हाही उपचाराचाच भाग आहे.

इतर उपचारांनंतरची काळजी त्या मानाने सोपी असते. रूट कॅनलनंतर चावताना काही दिवस हुळहुळणे साहजिक आहे. मात्र तात्पुरत्या भरावावर दिवस काढत कायमचा भराव किंवा कॅप टाळत राहिले, तर दात चिरतो किंवा जंतू पुन्हा आत शिरतात. दात साफ करून घेतल्यावर काही दिवस थंड पाणी झोंबते, कारण किटणाखाली झाकलेला मुळाचा भाग उघडा होतो. खालच्या जबड्याची भूल काही तास टिकते. तेवढ्या वेळात लहान मुले बधिर ओठ गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजलेला सापडतो. भूल उतरेपर्यंत त्यांना खायला देऊ नये.

हाडे ठिसूळ होण्याच्या विकारावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांनी दात काढण्यापूर्वीच तसे सांगावे. या औषधांमुळे जबड्याचे हाड उघडे पडून भरून न येण्याचा धोका असतो. तो एकंदरीत विरळ असला, तरी कर्करोगासाठी शिरेवाटे मोठी मात्रा घेणाऱ्यांमध्ये जास्त असतो. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, तेही आधीच कळवलेले बरे.

हिरडी मिटली म्हणजे काम संपले असे वाटते, पण आत हाड भरण्याचे काम पुढे कित्येक महिने चालू असते. त्याच काळात खोबणीच्या बाहेरच्या भिंती झिजत असतात. दात गेलेल्या जागी जबड्याच्या कडेची रुंदी पहिल्या वर्षात जवळपास निम्म्याने घटू शकते आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यामुळे तिथे इम्प्लांट बसवायचे असेल, तर त्याचा विचार जखम पूर्ण भरल्यावर सवडीने करण्याऐवजी दात काढण्यापूर्वीच दंतवैद्यांशी बोलून ठरवावा.