राबाची झाडे, देवराई, ओसाड गावठाण: सामूहिक वन हक्काच्या दाव्यात जुन्या खुणांचा पुरावा कसा मांडावा

कोकणात किंवा मावळात रानात हिंडताना, हात वर केला की पोहोचेल एवढ्या उंचीवर खोडाला गाठी आलेले आणि त्या गाठींतून कोवळ्या फांद्यांचे झुबके फुटलेले ऐनाचे झाड हमखास दिसते. ते झाड रोगट नसते. भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी राब (जमिनीवर पसरून जाळायच्या फांद्या व पाला) तोडला गेल्याची ती खूण असते. तसेच एकाच जुन्या खुंटाभोवती कडे करून चार-पाच सागाची खोडे उभी असतील, तर मूळ झाड पूर्वी कधीतरी तोडले गेले आणि खुंटाला फुटवे आले, असे समजावे. अशा खुणा गावाच्या वापराची साक्ष देतात आणि वन हक्क कायदा, २००६ खालील दाव्यात त्या मांडता येतात.

या कायद्याच्या कलम ३ नुसार, गाव परंपरेने ज्या सामूहिक वनक्षेत्राचे रक्षण करीत आले आहे, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मिळतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. दावा ग्रामसभेच्या नावाने होतो. सभासदांत अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासी अशी काही कुटुंबे असली तरी पुरते. सर्वच सभासद तसे असावेत, अशी अट नाही. इतर पारंपरिक वननिवासींसाठी मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य आणि जंगलावरील अवलंबन दाखवावे लागते.

अर्ज नमुना ‘क’ मध्ये करावयाचा असून तो विनामूल्य मिळतो. त्यासोबत सभासदांची यादी व प्रत्येकापुढे त्याचा प्रवर्ग, पारंपरिक हद्दीचा नकाशा, ठाऊक असल्यास कक्ष (वन विभागाने पाडलेला जंगलाचा भाग) किंवा सर्व्हे क्रमांक, लगतच्या गावांची नावे आणि पुराव्यांची यादी जोडावी. वन व महसूल नकाशे ग्रामसभेला पुरवणे हे उपविभागीय समितीचे, म्हणजे उपविभाग पातळीवर दावे तपासणाऱ्या समितीचे, काम आहे.

खरी मेहनत पुराव्यांची आहे. या कायद्याखालील नियमांपैकी नियम १३ मध्ये निस्तार हक्क (घरगुती गरजेपुरते सरपण, लाकूड, चारा जंगलातून घेण्याचा हक्क), गुरचराई, कंदमुळे व वनोपज गोळा करण्याच्या जागा, पाणवठे, गावाने बांधलेल्या वास्तूंचे अवशेष, पवित्र झाडे, देवराया आणि दफनभूमी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राबाच्या झाडांचे नाव त्यात नाही. म्हणून ती झाडे निस्ताराच्या वापराची खूण म्हणून मांडावीत आणि शेजारी वृद्धांचा लेखी जबाब ठेवावा. मात्र हा जबाब दावेदार नसलेल्या व्यक्तीचा हवा, ही अट अनेकांच्या नजरेतून सुटते. एकाहून अधिक प्रकारचे पुरावे विचारात घेतले जात असल्याने नुसत्या छायाचित्रावर विसंबू नये. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटियर आणि मुंबई वन आयोगाचा १८८७ चा अहवाल यांत राबाचे वर्णन आढळते, आणि गॅझेटियर व वनचौकशीचे अहवाल हे नियमानेच ग्राह्य पुरावे आहेत. विदर्भात निस्तारपत्रक, म्हणजे निस्तार हक्कांची सरकारी नोंद, पाहावे. जव्हारसारख्या जुन्या संस्थानांच्या मुलखात संस्थानी दप्तरातील सवलतींच्या नोंदीही चालतात.

ग्रामसभेने निवडलेली वन हक्क समिती जागेची पाहणी करते व त्याची आगाऊ सूचना वन विभागाला देते. वन आणि महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांनी पाहणीस हजर राहून सही, पदनाम व शेरा नोंदवावा, असे नियम सांगतो. पाहणीच्या दिवशी प्रत्येक खुणेला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक नकाशावर लिहावा. ओसाड गावठाणाची जोती, विहिरीचे काठ, वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड) जागच्या जागीच ठेवावेत. हौसेने वीरगळ उचलून देवळात आणून ठेवला की हद्दीची खूण गेलीच म्हणून समजा. हद्दीवरून शेजारच्या गावाशी मतभेद असल्यास दोन्ही समित्यांनी एकत्र बसावे.

ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. विशिष्ट कागदाचाच हट्ट या समित्यांना धरता येत नाही. उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारे नव्हे. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते, त्यामुळे निर्णय हाती पडल्याची तारीख पोचपावतीवर लिहून ठेवावी.