टीएसएच नॉर्मल, मग थायरॉइडची गोळी कशाला?

नौपाड्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर हे हमखास कानावर पडतं: "आमच्या ह्यांचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, २.१ आला, म्हणजे नॉर्मल, तरी मानसोपचारतज्ज्ञांनी थायरॉइडची गोळी लिहिलीय. चुकलं असणार." त्यावर शेजारच्या काकूंचा सल्ला तयारच: "डिप्रेशन म्हणजे थायरॉइडच असतो हो, ती दुसरी, डिप्रेशनची गोळी बंद करा."

दोन्ही समज चुकीचे. थायरॉइड मंदावला की उदासी येऊ शकते, म्हणून सुरुवातीला टीएसएच तपासतात, एवढं खरं. पण अँटिडिप्रेसंट पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर जोडीला टी-३ हे थायरॉइडचं हार्मोन देतात, रिपोर्ट नॉर्मल असला तरी. इमिप्रामिन या जुन्या अँटिडिप्रेसंटसोबत ते १९६९मध्येच वापरून पाहिलं होतं. डोस सहसा २५ ते ५० मायक्रोग्रॅम. जोडीला म्हणजे जोडीलाच. मूळ गोळी चालूच राहते.

जादू मात्र नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात (२००६) आधीच्या दोन उपचारांनी बरे न झालेल्यांना जोडीला टी-३ किंवा लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) दिलं. टी-३वर सुमारे २५ टक्के लोकांची लक्षणं गेली, लिथियमवर १६. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरला नाही. टी-३ सोसायला सोपं गेलं, इतकंच.

आणि घरात बायकोची लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या नेहमीच्या गोळ्यांची, बाटली आहे म्हणून त्यातलीच एक सुरू करायची, हा उद्योग नको! ते टी-४, हार्मोनच वेगळं. शिवाय जास्त झालं तर धडधड, हाताला कंप, ठोके अनियमित, उतारवयात हाडं ठिसूळ. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.