मोंमार्त्रचे डॉक्टर क्लेमांसो

पहिल्या महायुद्धातले फ्रान्सचे पंतप्रधान, व्हर्सायच्या तहाच्या वाटाघाटीत अडून बसलेले ‘वाघ’, एवढीच जॉर्ज क्लेमांसो यांची ओळख आपल्याला इतिहासाच्या धड्यातून होते. ते शिकलेले डॉक्टर होते आणि त्यांचं राजकारण पॅरिसच्या एका गरीब वस्तीत, रोग्यांच्या उशाशी सुरू झालं, हे धड्यात सहसा येत नाही. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

दोन्ही गोष्टी घरातूनच आलेल्या. जन्म १८४१ चा, पश्चिम फ्रान्समधल्या व्हांदे भागातला. वडील डॉक्टर आणि कट्टर प्रजासत्ताकवादी. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या पोलिसांनी १८५८ मध्ये त्यांना अटकही केली होती. मुलगा आधी नाँतला आणि मग पॅरिसला वैद्यकी शिकला. शिकत असतानाच, १८६२ मध्ये, निदर्शनांची पत्रकं लावल्याबद्दल सुमारे अडीच महिने तुरुंगात काढून आला. १८६५ ला प्रबंध पुरा केला, मग काही वर्षं अमेरिकेत राहिला आणि तिथे मुलींच्या शाळेत फ्रेंच आणि घोडेस्वारी शिकवली.

सप्टेंबर १८७० मध्ये सम्राट प्रशियाच्या कैदेत गेला आणि पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी तिशीही न गाठलेल्या या डॉक्टरकडे अठराव्या प्रभागाचं, म्हणजे मोंमार्त्रचं, मेयरपद आलं. पाठोपाठ शहराला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडला. उपासमार, थंडी आणि आजार यांनी गांजलेली कामकरी वस्ती सांभाळणं हेच त्यांचं पहिलं राजकारण.

आणि मग १८ मार्च १८७१. मोंमार्त्रच्या टेकडीवर नॅशनल गार्डच्या, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलाच्या, तोफा होत्या, लोकांनी वर्गणी काढून घेतलेल्या. पहाटेच्या अंधारात सरकारी सैन्य त्या न्यायला आलं. पहाऱ्यावरचा तुर्पां नावाचा शिपाई गोळी लागून पडला. शाळामास्तरीण लुईज मिशेल त्याची जखम बांधत होती. क्लेमांसो पोचले, जखम पाहिली आणि त्याला इस्पितळात न्यायला परवानगी मागितली. सरकारी सैन्याचे जनरल लकोंत यांनी ती नाकारली. रक्ताळलेला माणूस रस्त्यावरून गेला तर लोक भडकतील, ही भीती.

लोक तरीही भडकले. दुपारी लकोंत आणि निवृत्त जनरल क्लेमां-तोमा दोघेही जमावाच्या हाती सापडले. मेयरपदाचा पट्टा अंगावर चढवून क्लेमांसो धावत सुटले, पण तोवर दोघांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. सकाळी एका जखमीला हलवता आलं नाही, दुपारी दोघांना वाचवता आलं नाही. उजव्यांनी वर्षानुवर्षं या हत्यांचा ठपका त्यांच्यावर ठेवला, आणि तिकडे त्यानंतर पॅरिसची सत्ता हाती घेऊन बंड करणाऱ्या कम्यूनवाल्यांनाही हा मधला माणूस नको होता.

पण वस्तीने त्यांना सोडलं नाही. त्याच जुलैत क्लिन्यांकूर भागातून ते पॅरिसच्या नगरपरिषदेवर निवडून आले, १८७५ मध्ये तिचे अध्यक्ष झाले आणि १८७६ मध्ये खासदार. मोंमार्त्रमधला फुकट दवाखाना या काळात चालूच होता. रोगी आणि गाऱ्हाणी घेऊन आलेले मतदार एकाच दारात बसत. एक किस्सा सांगतात: गर्दी फार, म्हणून डॉक्टरसाहेबांनी आत येणाऱ्यांना कपडे उतरवून तयार राहायला सांगितलं. एकजण निमूटपणे उघडा होऊन उभा राहिला. काय होतंय विचारलं, तर म्हणाला, ‘पोस्टात नोकरीसाठी शिफारस हवी होती.’ किस्सा खरा असो वा रचलेला, ती खोली मात्र डोळ्यांपुढे उभी राहते. त्या काळच्या फ्रेंच संसदेत डॉक्टर मोठ्या संख्येने का दिसतात, याचंही उत्तर अशाच खोल्यांत आहे. घराघरात ज्याला ओळखतात, त्याला मत मागायला वेगळी ओळख लागत नाही.

कम्यूनच्या पराभूतांना माफी मिळावी म्हणून ते संसदेत झगडले. १८९८ मध्ये ड्रेफस या निरपराध लष्करी अधिकाऱ्याच्या बाजूने कादंबरीकार झोला यांनी लिहिलेलं पत्र, क्लेमांसो ज्यात लिहीत त्या वृत्तपत्रात छापलं गेलं. १९०६ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारने फ्रान्सला पहिलं कामगार मंत्रालय दिलं.

याच सरकारच्या काळात, ३० जुलै १९०८ रोजी, पॅरिसजवळच्या व्हिलनव्ह-सें-जॉर्जला संपकरी मजुरांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. चार जण मेले. मोंमार्त्रच्या पहाटेचा विचार करताना ही चार माणसं मला बाजूला ठेवता येत नाहीत. तेव्हा परवानगी नाकारणारा जनरल दुसरा होता. या वेळी सरकार डॉक्टर क्लेमांसो यांचं होतं.