खेळणं ओळखायला आणताय? मग धुऊ नका

दसरा उलटला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या खेळण्यांच्या दुकानात बुटांची खोकी यायला लागतात. माळ्यावरून नुकतीच उतरलेली. आत एक हात नसलेला शिपाई, टूथपेस्टसोबत मिळालेला हत्ती, टोपीचा रंग उडालेला काउबॉय आणि हमखास एखादं असं ध्यान, ज्याचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. सोबत दोन प्रश्न. ‘हे नेमकं काय आहे?’ आणि जरा थांबून, ‘याचं काही येईल का?’ दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, आणि पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा खेळण्याच्या तळव्यावर असतं. नेमका तो तळवाच लोक घासून आणतात. म्हणून हा कागद छापला.

गेल्या दिवाळीत एक काका चार शिशाचे शिपाई घेऊन आले. घरी काकूंनी ते पितळेच्या देवांसोबत चिंच लावून घासले होते. ‘चांगले चकचकीत करून आणले ना जी,’ काका म्हणाले. चकचकीत होतेच. कोटाचा लाल रंग तेवढा काखेत उरला होता. एका शिपायाच्या बैठकीखाली, अगदी कडेला, नखाएवढा कागद भिजून वाळलेला दिसला. ब्रिटन्स या इंग्लंडमधल्या कंपनीने १८९३ पासून पोकळ शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली, आणि जुन्या काळात ती आपली खूण अशाच कागदी चिठ्ठीवर छापून बैठकीखाली डकवत असे. ओतीव अक्षरं नंतर आली. काकांच्या शिपायाची चिठ्ठी मोरीतून वाहून गेली. आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या आणि शेवटी कागदावर ‘बहुधा’ असं लिहून दिलं. काकांना ते ‘बहुधा’ आवडलं नाही. आम्हालाही नाही.

तेव्हा आधी हे वाचा. चिंच नको, लिंबू नको, घासणी नको, राख नको, नेलपॉलिश काढायचं पाणी तर मुळीच नको. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झटका आणि थांबा. जाळ्या, डाग, लहानपणी पेनने गिरवलेलं नाव, सगळं तसंच राहू द्या. मळक्या खेळण्याला आमच्याकडे कुणी नाक मुरडत नाही. शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू किंवा खरवडू नका. खेळणं पिशवीत ठेवा, हात साबणाने धुवा आणि नातवाच्या हाती ते देऊ नका. शिसं विषारी असतं, ब्रिटन्सने १९६६ मध्ये शिशाचं काम थांबवलं ते उगाच नाही.

लाकडी बाहुल्यांचं दुखणं वेगळं. नागपुरात कोंडापल्लीची खेळणी पुष्कळ घरांत निघतात. आंध्रातून येणारी कुणी ना कुणी आत्या, मावशी असतेच. ही बाहुली हलक्या लाकडाची, आणि तिचे हातपाय चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून जोडलेले असतात. बादलीत बुडवली की बाहुलीचे सुटे भाग हाती येतात.

सेल्युलॉइडच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लास्टिकच्या, जुन्या बाहुल्यांसाठी कुणीतरी गरम सुई टोचून पाहायला सांगतं. कृपा करून हे करू नका. सेल्युलॉइड भुरकन पेटतं. अंगठ्याने थोडं चोळा आणि वास घ्या. कापरासारखा आला तर तेच आहे. अशा बाहुलीच्या पाठीवर कधी कधी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’, म्हणजे दोस्तांच्या ताब्यातल्या जपानात बनलेलं, असं असतं. हा शिक्का १९४७ ते १९५२ एवढ्याच काळात चालला. दोन-चार शब्दांत एवढी नेमकी तारीख मिळणं आमच्या धंद्यात लॉटरीच आहे, आणि लोक तीच पुसून टाकतात.

आता सालाबद्दल. तळावर किंवा पाठीवर साल कोरलेलं दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं. सावकाश घ्या. ते साल बहुतेक वेळा नमुन्याच्या हक्काचं असतं, खेळणं तयार झाल्याचं नसतं. ही-मॅन या बाहुल्याच्या पाठीवर १९८१ असतं, पण तो बाजारात आला १९८२ मध्ये, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच साल पाठीवर घेऊन निघत राहिला. बार्बीचं तर विचारूच नका. कमरेखाली १९६६ लिहिलेल्या बाहुल्या नव्वदच्या दशकातही विकल्या जात होत्या. म्हणून सालापेक्षा देशाचं नाव आम्हाला जास्त कामाचं वाटतं. ‘हाँगकाँग’ किंवा ‘एम्पायर मेड’ दिसलं तर चेहरा इंग्लिश शिपायाचा असला तरी माल हाँगकाँगचा. तिथल्या कारखान्यांनी नामांकित कंपन्यांचे काउबॉय आणि शिपाई भरपूर उतरवले. वरून पाहिलं तर जुळे भाऊ, फरक फक्त तळव्यावर.

मोबाईलवर फोटो टाकून ओळखणारी ॲप इथेच फसतात, कारण त्यांना चेहरा दाखवलेला असतो. ‘ॲपने ब्रिटन्स सांगितलं, तुम्ही हाँगकाँग कसं म्हणता?’ असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. ॲपने उलटं करून पाहिलं नाही, आम्ही पाहिलं, एवढंच.

उलट बाजूनेही गैरसमज होतो. छोट्या मोटारींच्या तळावर ‘निकी टॉइज’ वाचून लोक ती नक्कल समजून मुलांच्या हाती देतात. अहो, लिव्हरपूलच्या डिंकी या नामांकित खेळण्यातल्या मोटारींचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि त्यांवर या गाड्या निघाल्या. साच्यातलं डिंकीचं नाव बदलून निकी केल्याच्या खुणा काही गाड्यांवर ठळक दिसतात. ती खोडाखोड हीच तिची ओळख. तळाला नवा काळा रंग देऊन आणाल तर आम्ही काय वाचायचं?

जी. आय. जो हा सैनिक बाहुला घेऊन येणाऱ्यांची, म्हणजे आता चाळिशीतल्या मंडळींची, तक्रार एकच असते, ‘कमरेतून तुटला.’ तो तुटलेला नसतो. त्याच्या पोटात एक रबरी रिंग असते, तीच धड आणि पाय धरून ठेवते. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तीस वर्षं काढल्यावर रबर टिकायचं कसं? रिंग कुजते, बाहुला दोन तुकड्यांत मिळतो, आणि मालक फेविक्विक आणतो. एकदा ते कमरेत गेलं की ना रिंग बसते, ना कमरेमागची अक्षरं वाचता येतात. तुकडे तसेच पुडीत घालून आणा. रिंगा आमच्याकडे असतात, बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि खेळणं ओळखायला दिलेलं असेल तर मजुरी घेत नाही.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी आम्ही पाहतो, पण जरा जपून बोलतो. हा सण दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक नंदी भोसल्यांच्या वाड्यातूनच आलेला असतो. असू दे. नंदीला दरवर्षी रंग देतातच, तो द्यावाच. पण जुना रंग खरवडून नव्हे. शिंगाच्या मुळाशी रंगाचे थर पापुद्र्यासारखे दिसतात, चाकाचा आस आणि खिळे पाहता येतात, त्यावरून आम्ही अंदाज बांधतो. बोजारा, म्हणजे घरोघरी मुलांना मिळणारे पैसे, गोळा करायला तो कुणाकुणाच्या हातात गेला, हे मात्र घरच्यांनीच सांगायचं.

फोटो पाठवायचा असेल तर एक समोरून आणि तीन खालून, असं प्रमाण ठेवा. फ्लॅश बंद. खिडकीशी तिरप्या उजेडात धरा, म्हणजे उठावाची अक्षरं सावलीने वर येतात. शेजारी शाळेची पट्टी ठेवा. बैठक सोडून तळव्यापासून डोक्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये कळवा. ५४ आली तर आमचं निम्मं काम झालं, कारण ब्रिटन्सचं आणि त्यांच्यामागून गेलेल्या अनेकांचं ते माप. ‘बोटाएवढा’ असं लिहू नका, बोटं सारखी नसतात.

आठवणीही पाठवा, पण त्यातल्या कामाच्या. बिनाका टूथपेस्टसोबत पूर्वी मिळणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांसारख्या फुकटच्या वस्तूवर शिक्का असेलच असं नाही. तिथे ‘पेस्टसोबत मिळाला, आईने जपून ठेवला होता’ हे एक वाक्य भिंगापेक्षा मोलाचं ठरतं. मामांनी मुंबईहून आणला की सीताबर्डीवर घेतला, तेव्हा तुम्ही कितवीत होता, सोबत अजून काय होतं, एवढं पुरे.

ओळख सांगण्याचे आम्ही नगाला दोनशे रुपये घेतो. ‘पाहायचे पैसे कसले?’ असं विचारतात, तर सांगतो. पाहायला दोन मिनिटं लागतात. जुन्या सूचीपत्रांत शोधायला, मापं ताडायला आणि खात्री झाल्यावर लिहून द्यायला चार दिवस. ओळखता आलं नाही तर पैसे परत, आणि ती वस्तू तुम्ही आम्हालाच विकलीत तरीही परत. विकाच असा आग्रह नाही. किंमत ऐकून खेळणं पुन्हा खिशात घालून गेलेले लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यासाठी काचेच्या छोट्या डब्या ठेवल्या आहेत, ऐंशी रुपयांपासून. शिशाच्या वस्तूला लाकडी पेटी चालत नाही, लाकडाच्या वाफेने शिसं खराब होतं, म्हणून काच.

खोकं घेऊन यायचं तर संध्याकाळी पाच ते आठ, बडकस चौकाकडून आत. सोमवारी बंद. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीही बंद असतो, मारबतीची मिरवणूक निघाली की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.