इंजिनचं काम वॉरंटीत बसतं का? जॉबकार्डपासून ग्राहक आयोगापर्यंत

गाडी वॉरंटीत आहे म्हणजे इंजिनचं काम फुकट, अशा समजुतीत आपण वर्कशॉपला जातो आणि समोरून पहिला प्रश्न येतो, “ऑइल कधी बदललं होतं?” तो गप्पा मारायला विचारलेला नसतो. पिस्टन, रिंग, क्रँकशाफ्ट, बेअरिंग, सिलिंडर हेड, ऑइल पंप हे भाग सहसा मूळ वॉरंटीत असतातच. वाद होतो तो भाग का गेला यावरून. दोष धातूतला किंवा जुळणीतला निघाला तर खर्च कंपनीचा. सर्व्हिसिंग चुकवलेलं, पेट्रोल भेसळीचं किंवा सीएनजी किट बाहेरून बसवलेलं निघालं, की बिल तुमच्या नावावर. स्पार्क प्लग, फिल्टर, क्लच प्लेट हे झिजणारे भाग, त्यांचा आग्रह धरू नका.

आधी मुदत बघा. वर्षं आणि किलोमीटर, यातलं जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर दिली. त्याआधी ती २ वर्षं किंवा ४०,००० होती. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून हिशेब करू नका, आपलं वॉरंटीचं पुस्तक उघडा. गाडी जुनी घेतली असेल तर वाढीव वॉरंटी आपल्या नावावर झाली आहे का, तेही तपासा.

वॉरंटीसाठी ग्राहकाला सहसा वेगळा अर्ज भरावा लागत नाही. जॉबकार्ड, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप तक्रारी लिहून घेतं तो कागद, हाच अर्ज, आणि लोक नेमकं तेच न वाचता सही करतात. माझ्या मेहुण्याची गाडी हजार किलोमीटरला जवळजवळ अर्धा लिटर ऑइल खायची. त्याने दोन सर्व्हिसिंगला तोंडी सांगितलं, दोन्ही जॉबकार्डांवर लिहिलं होतं ‘जनरल चेकअप’. तिसऱ्या वेळी इंजिन उघडायची पाळी आली तेव्हा वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. त्याला तारलं ते सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला मुदतीत पाठवलेल्या डिपस्टिकच्या (इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीच्या) फोटोने. शेवटी भाग कंपनीने दिले, मजुरी त्याने भरली. तेव्हा लक्षण आपल्या शब्दांत लिहून घ्या: कधीपासून, किती ऑइल, धूर निळा की पांढरा, मीटरवर किती किलोमीटर.

सोबत खरेदीचं बिल, आरसी, वॉरंटीचं पुस्तक आणि सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं ठेवा. इंजिन उघडण्याआधी बहुधा एका संमतीपत्रावर सही मागतात: क्लेम नाकारला तर उघडण्याची मजुरी ग्राहकाची. रकमेचा आकडा लिहिल्याशिवाय सही करू नका. उघडताना हजर राहून फोटो काढा.

मधलं एखादं सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजात केलं म्हणून पूर्ण वॉरंटी गेली, असं ऐकवलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४च्या आदेशात १४ कार कंपन्यांना अशी सरसकट अट घालू नका, असं बजावलं; बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असं म्हटलं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, तरी लेखी तक्रारीत हा मुद्दा जरूर मांडा.

पावसाळ्यातलं प्रकरण वेगळं. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून सुरू करायला गेलात, की पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. ही वॉरंटीची बाब नाहीच. साध्या विम्यातही हे बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे जोड कवच लागतं. चावी न फिरवता गाडी टो करून न्या.

क्लेम नाकारला तर कारण ईमेलवर मागा. तोंडी नकार पुढे कुठेच चालत नाही. मग डीलर आणि कंपनी दोघांनाही लेखी तक्रार, पाठोपाठ राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. इथे बऱ्याचदा मार्ग निघतो, पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही.

आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली आणि घर साताऱ्याला असेल तर साताऱ्यात करा. शुल्क दुरुस्तीच्या खर्चावर नसतं, गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर असतं: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. त्यावरची गाडी असेल तर राज्य आयोग. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर भरता येते, वकील सक्तीचा नाही. प्रतिज्ञापत्र, नकाराचा ईमेल आणि वरची सगळी कागदपत्रं जोडा. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.

दोष घडणीतलाच आहे, यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो. आयोगाकडे तपासणीची मागणी करता येते. म्हणून बदललेले जुने भाग भंगारात जाऊ देऊ नका. ते जपून ठेवावेत, असं वर्कशॉपला त्याच दिवशी लिहून कळवा.